घरच्या आवाजाची जुनी तबकडी सापडली? सुई टेकवायच्या आधी हे वाचा

आमच्या मावशीच्या सासरचा कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतला वाडा दोन वर्षांमागं उतरवायला काढला तेव्हा माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. वर जुनी पंचांगं, खाली नाटकाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी, आणि सगळ्यात तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन तबकड्या, ज्यांच्यावर ना कुत्रा ना कंपनीचं नाव, नुसतं शाईनं लिहिलेलं "ताई, दिवाळी". ताई म्हणजे काकांची आत्या, तरुणपणीच वारलेली, तिचा आवाज कसा होता हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. मग काय, शेजारीच चावीचा फोनो होता, पुसला, किल्ली मारली आणि लावली की. एक पोरगी ओव्या म्हणतेय, मधेच हसतेय, मागं कुणीतरी खोकतंय. काका रडले, मावशी रडली, सगळे म्हणाले परत लाव. परत लावली. शेजारच्या काकू आल्या म्हणून अजून एकदा. पाचव्या-सहाव्या खेपेला नुसतं फोडणी टाकल्यासारखं चर्रर्र, ओव्या संपल्या. आणि त्या खोलीत आठ माणसं होती, आठांच्या खिशात मोबाइल होते, एकानंही रेकॉर्ड केलं नव्हतं, मी धरून.

उरलेल्या दोन मात्र नीट निघाल्या, कारण त्यांना हात लावायच्या आधी मी चार महिने नुसतं वाचत आणि विचारत बसलो. तेच इथं क्रमानं लिहितोय, म्हणजे तुमच्या घरच्या ताईचं असं व्हायला नको.

१. आधी हे डोक्यात घ्या, ही नेहमीची रेकॉर्ड नव्हे

एचएमव्हीच्या वगैरे ज्या रेकॉर्डी आपण बघतो त्या लाखेच्या, त्यात दगडाची पूड मिसळलेली असते म्हणून कडक. मेणावर आवाज घ्यायचा, त्यावरून धातूचा साचा काढायचा आणि मग हजारोंनी छापायच्या, कलकत्त्याला १९०८ पासून हेच चालायचं. लोखंडी सुई त्यावर घासली तरी बऱ्यापैकी टिकतात, उलट सुईच झिजते, म्हणून तर दर बाजूला सुई बदला असं सांगायचे.

घरगुती तबकडीचं उलटं आहे. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर मऊ काळा लेप, आणि माणूस माइकसमोर बोलत असताना त्या लेपात थेट खाच कापली जायची. साचा नाही, छपाई नाही, जगात एकच प्रत. कापता यावी म्हणून लेप मऊ ठेवलेला, आणि मऊ आहे म्हणूनच तो झिजतो. चावीच्या फोनोचा साऊंडबॉक्स सुईच्या टोकावर शंभर ग्रॅमपेक्षा जास्त भार टाकतो, म्हणजे आम्ही त्या दिवशी काय केलं ते समजा, भिजलेल्या मातीत खिळा ओढत होतो.

लोक सरसकट याला अॅसिटेट म्हणतात पण बहुतेक वेळा लेप नायट्रोसेल्युलोजचा असतो, नेलपॉलिशमध्ये असतं तेच. त्यामुळं नेलपॉलिश ज्यानं उतरतं त्यानं हा लेपही उतरतो. आणि हा लेप भडकन पेट घेतो, तेव्हा देवघराच्या कट्ट्यावर ठेवून फोटो काढायचे नाहीत.

थोडा इतिहास, ओळखायला उपयोगी पडतो म्हणून. १९३० ला अमेरिकेत आरसीए कंपनीनं आधीच खाचा पाडलेल्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या तबकड्या काढल्या, त्याच काळात नुसत्या उघड्या अॅल्युमिनियमवर दाबून आवाज उमटवायचीही पद्धत होती. १९३४ च्या आसपास लेपवाली आली, अमेरिकेत प्रेस्टो कंपनीची आणि इंग्लंडमध्ये सेसिल वॉट्स या माणसाची. महायुद्धात अॅल्युमिनियम विमानांना लागायला लागलं तसा आत काचेचा पत्रा आला. १९४० च्या सुमारास रेकॉर्डिओसारखी घरगुती मशीन आली, त्यांच्या स्वस्तातल्या तबकड्यांच्या आत पुठ्ठा. १९५० नंतर टेप आली आणि हे सगळं हळूहळू बंद पडलं. म्हणजे तुमच्या हातात जे आहे ते बहुधा या वीसेक वर्षांतलं.

२. शोधायचं कुठं

आपल्या घरापासून सुरू करा, खरंच. माळा, ट्रंक, देवघरामागची कपाटं. मग असं घर आठवा जिथं कुणी आवाजाच्या मशीनजवळचा होता, रेडिओ दुरुस्तीवाला, थेटरचा ऑपरेटर, फोटोग्राफर, स्टुडिओतला माणूस. कोल्हापुरात अशी घरं कमी नाहीत, १९२९ ला प्रभात इथंच निघाली, पुण्याला ती १९३३ ला गेली, तोवर बोलपटही इथंच होत होते आणि नंतर जयप्रभा स्टुडिओ होताच. गाण्याची घरं वेगळी, अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, त्यामुळं गाणं शिकलेल्यांची घरं पेठापेठांत आहेत. मात्र अशा घरात बहुतेक वेळा स्पूलच्या टेप निघतात, तबकडी क्वचित, टेपचं प्रकरण निराळं आहे, त्यावर इथं काही लिहीत नाही.

बाजारात जायचं तर लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार आणि भंगारवाले, पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार. पण दुकानदाराला नाव नसलेल्या तबकडीचा भाव येत नाही, तो त्या फेकून देतो नाहीतर किलोवर काढतो. म्हणून त्याला नुसतं "जुन्या रेकॉर्डी आहेत का" असं विचारू नका, "हातानं लिहिलेली, बिनकंपनीची आली तर माझ्यासाठी बाजूला ठेवा मामा" असं सांगून नंबर देऊन या, दोन-तीन खेपा चहा झाला की माणूस लक्षात ठेवतो.

इथले दोन सापळे. पहिला, दुकानदार कौतुकानं "थांबा वाजवून दाखवतो" म्हणून सुई लावायला जातो. हात धरा त्याचा. न ऐकता घ्या, न वाजलेली तबकडी म्हणजे लॉटरी आहे आणि वाजवून दाखवलेली म्हणजे फाटलेलं तिकीट. दुसरा, चकाचक दिसावी म्हणून रॉकेल नाहीतर खोबरेल चोळून ठेवलेली असते. वास घेऊन बघा.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी ज्या घरांत शिरलं तिथलं सामान अजून बाजारात येतं. पुठ्ठ्याच्या तबकडीत एकदा पाणी शिरलं की पुठ्ठा फुगतो आणि लेप पापुद्र्यासारखा सुटतो. असली मी एक हौसेनं घेतली, घरी येईस्तोवर पिशवीत निम्मा लेप गळून पडला होता.

३. ओळखायची कशी

कडेनं धरायची, खाचांवर बोट लावायचं नाही, आणि उन्हात नाही पण चांगल्या उजेडात हे बघायचं:

- लेबल हातानं लिहिलेलं, टाइप केलेलं किंवा अर्धं कोरं.
- मधल्या भोकाशेजारी अजून एक ते तीन छोटी भोकं. कापताना तबकडी घसरू नये म्हणून खिळी बसवायची ती. कधी लेबलाखाली दडलेली असतात, लेबलवरून हलकं बोट फिरवलं की खळगा लागतो.
- मधल्या भोकाची कड. चंदेरी दिसली तर अॅल्युमिनियम, तपकिरी धाग्याधाग्याची दिसली तर पुठ्ठा, हिरवट-पारदर्शक दिसली तर काच. काच असेल तर जिना उतरताना एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात तबकडी असं करू नका.
- लोहचुंबक चिकटला तर आत लोखंडी पत्रा आहे.
- खाचा मधेच संपतात आणि पुढं गुळगुळीत काळी जागा, कारण दोन मिनिटात सांगायचं संपलं.
- सगळीच तबकडी चंदेरी, लेप नाहीच, तर ती उघड्या अॅल्युमिनियमची. त्यावर लोखंडी सुई तेव्हाही चालत नव्हती, बांबूची किंवा काट्याची वापरायचे.

वाजवून झिजली आहे का तेही डोळ्यांनी कळतं. तिरपी धरा, खाचा काळ्या चमकल्या तर बरं, राखाडी दिसल्या तर आमच्यासारखंच कुणीतरी फोनोवर लावलेली आहे.

४. सामान आणि कागद

- ७८ चा वेग असलेला टर्नटेबल. सूटकेससारखे मिळतात ते नकोत, त्यांच्या आर्मचं वजन नीट कमीजास्त करता येत नाही. माझा ऑडिओ-टेक्निकाचा एलपी-१२० आहे, त्याला ७८ आहे आणि वेग थोडा वरखालीही होतो, ते फार कामाला येतं.
- ७८ साठीची रुंद सुई, साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची सुई एक मिल किंवा त्याहून बारीक, ती खाचेच्या तळात खडखडत फिरते, गाण्याऐवजी तळातली घाणच ऐकू येते.
- वजन मोजायचा छोटा डिजिटल काटा. आमच्याकडं गुजरीतल्या एका ओळखीच्यानं जुना दिला.
- फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा बारीक आवाज मोठा करणारा), आवाज लॅपटॉपात घ्यायला जोडायचा ऑडिओ इंटरफेस, आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, ते फुकट आहे.
- मऊ ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, मायक्रोफायबरची नवी फडकी.
- अॅसिड नसलेल्या कागदाची पाकिटं.
- एक वही. तबकडी कुणाच्या घरी, कुठल्या ट्रंकेत, कशाबरोबर सापडली, लेबलवर काय आहे, कुणाचा आवाज असं घरचे म्हणतात. लेबल आणि दोन्ही बाजूंचे फोटो.
- तबकडी दुसऱ्याची असेल तर एका कागदावर त्यांची सही, की वाजवायला आणि कॉपी करायला दिली आहे. नातेवाइकांत हे मागायला कसंतरी वाटतं, पण वाटण्या झालेल्या घरात एक आवाज चार भावांचा असतो, आधी सही परवडली.

५. धुवायची की नाही

बहुतेक चुका इथंच होतात, म्हणून जरा सावकाश.

तबकडीवर पांढरी, हाताला तेलकट लागणारी पूड दिसली की सगळे म्हणतात बुरशी आली. बऱ्याचदा ती बुरशी नसते. लेप लवचिक राहावा म्हणून त्यात एरंडेल घालायचे, वर्षानुवर्षं दमट हवेत ते एरंडेल फुटतं आणि त्यातलं पाल्मिटिक आम्ल वर येऊन बसतं. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात तर ते येणारच. याचा दुसरा अर्थ असा की लेपातलं तेल कमी होतंय, तो आक्रसतोय आणि एक दिवस तडकणार आहे. तेव्हा पांढरं दिसलं की नंतर बघू म्हणायचं नाही, ती तबकडी रांगेत पहिली.

लेपाला भेगा असतील, कड सुटली असेल किंवा आत पुठ्ठा असेल तर पाणी अजिबात नाही. मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं धूळ काढा, बास. भेगा नसलेली अॅल्युमिनियमची असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये फोटोच्या डार्करूममधलं वेटिंग एजंट थेंबभर घालून, लेबल वाचवत, हलक्या हातानं, आणि लगेच कोरडी. मोठ्या संग्रहालयांत ती पांढरी पूड काढायला अगदी सौम्य अमोनिया वापरतात, पण ते हाताला सवय असलेल्या माणसांचं काम, मी केलेलं नाही आणि पहिल्या तबकडीवर तुम्हीही करू नका.

स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, कोलीन, रॉकेल, यातलं काहीही नाही. लाखेच्या रेकॉर्डीवरसुद्धा स्पिरिट नाही, लाख विरघळते त्यात. पंख्याखाली वाळवा, हेअर ड्रायर नाही, गच्चीवर ऊन तर नाहीच नाही.

६. सुई, वजन, वेग

वजन तीन ते पाच ग्रॅमच्या मधे, तुमच्या सुईच्या कंपनीनं जे सांगितलंय त्यात. अगदीच हलकं केलं की सुई खाचेत नाचते आणि भिंतीवर आपटते, त्यानं जास्त नुकसान होतं, त्यामुळं "जितकं कमी तितकं चांगलं" हे खरं नाही.

आधी बाजारातून आणलेली कुठलीही लाखेची रेकॉर्ड लावून सगळं जुळवा. आवाज येतोय का, घरघर कुठून येतेय, आर्म अडतोय का. ताईच्या तबकडीवर प्रॅक्टिस नाही. मी लक्ष्मीपुरीतल्या एका फुटक्या भजनाच्या रेकॉर्डवर आठवडाभर हात बसवला, घरचे वैतागले पण चालतंय की.

वेग ७८ धरायचा, पण घरगुती मशीनचा वेग जसा असेल तसा असायचा, आणि काही तबकड्या ३३ वरही कापलेल्या असतात. टर्नटेबलचा स्वतःचा वेग बघायला पट्ट्यापट्ट्यांचा गोल कागद मिळतो, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ पट्ट्यांचा लागतो, जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा नीऑनखाली धरा, पट्ट्या जागेवर थांबल्या की ७८ च्या अगदी जवळ आलात.

अजून एक गंमत. काही घरगुती तबकड्या आतून बाहेर वाजतात. कापताना निघणारा दोरा सुईत अडकू नये म्हणून आतून सुरू करायचे. बाहेरच्या कडेला सुई टेकवली आणि ती लगेच घसरून बाहेर गेली तर घाबरून परतपरत टेकवू नका, लेबलाजवळ बघा, सुरुवात तिथं असेल. आर्म आपोआप उचलणारा टर्नटेबल इथं नडतो, कारण आत गेला की त्याला वाटतं गाणं संपलं.

७. पहिली फेरी ऐकायची नसते, रेकॉर्ड करायची असते

सगळा लेख विसरला तरी एवढं लक्षात ठेवा. पहिल्यांदा सुई टेकेल तेव्हा ऑडॅसिटीचं लाल बटण आधीच दाबलेलं पाहिजे. ती फेरीच सगळ्यात स्वच्छ असते आणि भेगाळलेल्या तबकडीची कदाचित शेवटचीही.

सेटिंग ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एमपीथ्री नंतर करा व्हॉट्सअॅपसाठी. आवाजाची पातळी मुद्दाम खाली ठेवा, लाल पट्टीला निम्म्यापर्यंतसुद्धा जाऊ देऊ नका, कारण जुन्या तबकडीत मधेच फटाक्यासारखा ठोका येतो. रेकॉर्डिंग मोनोचं असलं तरी स्टिरिओतच घ्या, खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा बऱ्याचदा कमी झिजलेली असते आणि मग नंतर चांगली बाजू तेवढी ठेवता येते. माझ्या दुसऱ्या तबकडीत डाव्या बाजूला नुसती खरखर आणि उजव्या बाजूला ताई चक्क स्पष्ट होती, पाढे म्हणत होती, एकोणतीसला अडखळली.

खोलीची तयारीही बघा. वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवर कुणी चाललं तरी सुई उडते, तेव्हा टर्नटेबल भिंतीला टेकलेल्या दगडी कट्ट्यावर किंवा खालच्या मजल्यावर. मिक्सर बंद, पोरं बाहेर. लॅपटॉप चार्ज करून वायर काढा, घुंईई आवाज कमी होतो, आणि लाईट गेली तरी निदान तोवरचं रेकॉर्डिंग हातात राहतं. वळवाच्या पावसाच्या दिवशी हे काम काढूच नका.

सुई एकाच जागी अडकली तर आर्मला अगदी हलकं ढकला आणि रेकॉर्डिंग चालूच ठेवा, तुकडे नंतर जोडता येतात. नाणं वगैरे ठेवून वजन वाढवायचा जुना जुगाड इथं करायचा नाही.

८. पट्टी जुळवणं

आता वेग खरा होता का ते बघायचं. मागं पेटी वाजत असेल तर सोपं, घरातल्या पेटीवर सूर धरून बघा. काळी चार आणि पांढरी पाच यांच्या मधेच कुठंतरी सूर लटकला तर वेग चुकलाय, ऑडॅसिटीत थोडा वरखाली करा. पेट्याही थोड्या इकडंतिकडं असतात म्हणून फक्त त्यावर विसंबू नका. पेटी नसेल तर मागची विजेची घुंई शोधा, कापणाऱ्या मशीनमध्ये शिरलेली असेल तर ती आपल्याकडं ५० किंवा १०० हर्ट्झवर यायला हवी, ५३ वर दिसली तर तुम्ही जोरात वाजवताय. फक्त ती घुंई तुमच्याच वायरीची नाही ना, हे सुई उचलून आधी तपासा, मी यात एक अख्खी दुपार घालवली.

शेवटी घरच्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवा. पहिल्यांदा काका म्हणाले ही ताई नव्हे, ही तर आठ वर्षांची पोर वाटते. वेग चार टक्के कमी केला, तसे गप्प बसले आणि मान हलवली.

खरखर काढायचं बटण मात्र जपून. जोरात फिरवलं की खरखरीबरोबर श्वासही जातात, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. मूळ फाइलला हातच लावू नका, कॉपीवर खेळा.

९. नंतर

मूळ वेव्ह फाइल तीन ठिकाणी, त्यातली एक दुसऱ्या घरात, आणि कोल्हापुरात असाल तर दुसरं घर पूररेषेच्या बाहेरचं बघा. फाइलच्या नावात तारीख आणि बाजू लिहा, नुसतं "नवीन १" असं ठेवू नका, माझ्याकडं अशा अकरा होत्या.

तबकडी उभी ठेवायची, एकावर एक आडवी नाही, गार आणि कोरड्या जागी, माळ्यावर तर नकोच. जुनं पाकीट फेकू नका, त्यावर काही लिहिलेलं असतं, वेगळं जपा.

यूट्यूबवर टाकायची घाई असते सगळ्यांना, मलाही होती. आवाज ज्यांचा आहे त्यांच्या घरच्यांना आधी पूर्ण ऐकवा. दोन मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये लोक घरातलं काहीही बोलून जायचे, आमच्या तिसऱ्या तबकडीत शेवटी कुणीतरी सासूबद्दल जे बोललंय ते काकांनी अजून मावशीला ऐकवलेलं नाही, आणि माझ्याकडून ती फाइल पासवर्ड लावून घेतली आहे.